हैबतीच्या टोळीचं दार

त्या राज्यात औषध मुबलक होतं, आणि तरीही आजारी जीव औषधावाचून मरत होते.

राज्य गवताच्या मुळाशी वसलेलं होतं. तिथे फार मोठं कोणीच नव्हतं. सगळ्यांत थोर बेडूक, आणि तोही मुठीत मावेल एवढा. दर वर्षी जमिनीला ओल धरली की पांढरी बुरशी यायची. ती आधी पायांना लागायची, मग मिशांना, आणि मिशांपर्यंत पोचली की चार दिवसांत खेळ आटोपायचा. तिच्यावर उतारा एकच, कडू मुळीचा गर. ही मुळी खोल जमिनीत सापडे आणि तेवढं खोल खणणं मुंग्यांखेरीज कोणालाच जमत नसे. म्हणून मुंग्यांनी सगळ्या राज्यासाठी औषधकोठी बांधायचं ठरवलं.

मुंग्यांनी एखादं काम मनावर घेतलं की ते अर्धवट राहत नाही, हा त्यांचा गुण. काम पुरं झालं म्हणजे ते चांगलंच झालं असणार असं त्या धरून चालतात, हाही त्यांना गुणच वाटतो.

कोठीची आखणी गुणाई नावाच्या मुंगीनं केली. तीन हंगाम ती त्याच कामात होती. भुयारं तिनं बेडकालाही पुरतील एवढी रुंद ठेवली. दर्शनी बाजूला मधमाशांच्या गळलेल्या पंखांची कमान उभारली. तिच्यावर ऊन पडलं की पार ओढ्यापलीकडून चमक दिसायची. कमानीतून आत गेलं की मोठं दालन, आणि त्याच्या चारही भिंतींवर राणीसाहेबांचं मनोगत कोरलेलं. त्यापुढे चौक. चौकातून सात भुयारं निघायची आणि प्रत्येकाच्या तोंडावर ते ज्या टोळीनं खणलं त्या टोळीचं नाव ठसठशीत अक्षरांत होतं. कडू मुळी हैबती मुकादमाच्या टोळीनं आणली, तेव्हा ती ‘हैबतीची टोळी’ या भुयारात. मोडका पंख सांधणारा डिंक वडाखालच्या टोळीच्या भुयारात. कोणती टोळी काय आणते हे वारुळातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं, त्यामुळे आणखी काही लिहायची गरज कोणाला वाटली नाही.

उद्घाटनाआधी रीतसर तपासणीसुद्धा झाली. चाळीस मुंग्यांना कडू मुळी आणायला पाठवलं आणि चाळीसही जणी वेळेच्या आत मुळी घेऊन बाहेर आल्या. राणीसाहेब प्रसन्न झाल्या. आता, मुंगीला वाट शोधायची सवयच नसते; पुढची चालते ती वाट. त्या दिवशी चाळीसांतल्या एकोणचाळीस जणी पुढचीच्या मागून गेल्या, आणि सगळ्यांत पुढे होती ती गुणाई.

पहिल्या हंगामात लांबलांबून आजारी आले. ते कमानीपाशी घुटमळायचे, आत फिरायचे, आणि बरेचसे हात हलवत परत जायचे. वारुळात यावर पुष्कळ हसणं झालं. “नाचता येईना, अंगण वाकडं,” असं गुणाई स्वतः म्हणाली. एवढी सरळ आखणी ज्यांना कळत नाही त्यांच्यापुढे आणखी काय करायचं?

हंगामाच्या शेवटी चौकात एक नाकतोडीण मेलेली सापडली. तिचं नाव चंद्रा, हे नंतर समजलं. ती हैबतीच्या टोळीच्या दाराशी पाय मुडपून बसली होती आणि बुरशी मिशांच्या टोकापर्यंत चढली होती. तिच्यापासून मुळीच्या ढिगापर्यंतचं अंतर गुणाईनं मोजलं. बारा पावलं भरली. “हाक तरी मारायची होती तिनं,” असं ती सगळ्यांसमोर म्हणाली खरी, पण त्या दिवसापासून चौकातून जायचं ती टाळू लागली. काम असलं तरी वळसा घालून जायची.

दुसऱ्या वर्षी ओल धरायला पंधरा दिवस उरले तेव्हा राणीसाहेबांनी सभा बोलावली. राज्यात बोलवा झाली होती की औषधकोठीत गेलेला परत येत नाही. ते तितकंसं खरं नव्हतं, पण अशा बोलण्याला खरं असावं लागत नाही. बोटभर लांबीचा रंगारी सरडा म्हणाला की कमानीचा रंग उठून दिसत नाही. हिरवा मारला की रीघ लागेल. रंग बदलणं हा त्याचा जन्मजात धंदा, त्यामुळे जगातल्या कोणत्याही दुखण्याचं मूळ त्याला रंगातच सापडायचं. हैबती म्हणाला की टोळ्यांची नावं आणखी मोठी कोरावीत. राणीसाहेबांचं म्हणणं पडलं की मनोगतात एक परिच्छेद वाढवावा. ओल येणार, ते पुन्हा येणार, आणि कोणीतरी पुन्हा त्या चौकात बसून राहणार, एवढंच गुणाईच्या डोक्यात फिरत होतं. तिला भीती वाटत होती.

सभा सुटल्यावर ती कमानीबाहेर आली. तिथून धोंडबा नावाचा शेणकिडा आपली गोळी ढकलत चालला होता. कमानीसमोरून शेण नेऊ नये असा हुकूम होता, पण धोंडबाचं तिकडे लक्ष नसे.

“कोठी झकास हाय तुझी,” तो म्हणाला. “पर एक सांग. तपासताना चाळीस जणी नेल्यास म्हणं. पुढं कोण व्हतं?”

“मी.”

“मंग त्यांनी कोठी कुठं बघितली? तुझी पाठ बघितली त्यांनी.”

गुणाईला राग आला. शेण वाहणाऱ्यानं आखणीतलं शिकवावं म्हणजे फारच झालं. पण ती तिथून हलली नाही.

“म्या उतार आखला की गोळी सोडतो,” धोंडबा सांगू लागला, “आन् हात मागं घेतो. हात मागं घ्यायचा, ह्येच अवघड. गोळी अडली तर गोळीला शिव्या देत न्हाई. अडली तिथला खडा काढतो, आन् पुन्हा सोडतो. तू कधी आत न आलेला एक जीव बघ. त्याला सांग, घरी पोर आजारी हाय, औषध घेऊन ये. मनात येईल ते मोठ्यानं बोलत चाल म्हणावं. आन् तू गप बस.”

“चुकला तर?”

“तरी गप.”

“अगदीच चुकला तर?”

धोंडबानं खाली वाकून वाळूचा एक खडा उचलला आणि तिच्यासमोर ठेवला. “ह्यो जबड्यात धर. तोंड उघडलंस तर पडंल, म्हंजे तुला कळंल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाईनं विहिरीकडच्या ओलाव्यातून शेवंता नावाच्या गोगलगाईला बोलावून आणलं. शेवंता कोठीत कधी आली नव्हती. स्वभावानं मऊ, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तिला काम सांगितलं, बोलत राहायला सांगितलं, आणि वर असंही सांगितलं की परीक्षा तुझी नाही, कोठीची आहे. हे शेवटचं वाक्य धोंडबानं पढवलेलं होतं. मग गुणाई खडा तोंडात धरून तिच्या मागे दोन पावलांवर राहिली.

शेवंता कमानीपाशी आली आणि थांबली. “अगंबाई, केवढी ही कमान! ही थोरामोठ्यांची असणार. आपल्यासारख्यांना मागून दार असेल.” आणि ती कोठीला वळसा घालायला निघाली. गोगलगाईचा वळसा तो. अर्धी सकाळ त्यात गेली. मागे दार नव्हतंच. परत पुढे येऊन, इकडेतिकडे बघून, अंग चोरत ती कमानीतून आत शिरली.

दालनात तिनं राणीसाहेबांचं मनोगत वाचायला घेतलं. न वाचता पुढे जाणं तिला उद्धटपणाचं वाटलं. पहिली भिंत वाचली, दुसरी वाचली. तिसरीच्या मध्यावर ती म्हणाली, “हे सगळं चांगलंच आहे हो, पण माझं पोर तिकडे तळमळत असेल की.” गुणाईचा जबडा दुखू लागला होता. ‘पुढे जा, पुढे जा,’ असं ती मनातल्या मनात ओरडत होती.

शेवंता चौकात आली. सातही दारांवरची नावं तिनं एकेक करून वाचली. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. हैबतीच्या टोळीच्या दाराशी ती सगळ्यांत जास्त वेळ थांबली, कारण आतून कडवट वास येत होता. तिनं शिंगं थोडी पुढे केली आणि लगेच मागे घेतली.

“ही बिऱ्हाडं आहेत वाटतं. हैबतीराव म्हणून कोणी राहतात इथे. परक्याच्या घरात असं विचारल्याशिवाय कसं शिरायचं? बसते जरा. येईलच कोणीतरी बाहेर.”

आणि तिनं दाराशी अंग मुडपलं.

गुणाईच्या तोंडातला खडा पडला नाही, पण तो का पडला नाही हे तिला पुढे कधी सांगता आलं नाही. शेवंता बसली होती तीच जागा. चंद्राला हाक मारता येत नव्हती असं नव्हे, मारायचं तिला सुचलं नाही असंही नव्हे. ती बोलावण्याची वाट बघत होती. बारा पावलांवर औषध असताना, मिशांवर बुरशी चढत असताना, ती सभ्यपणे एका दाराबाहेर बसून राहिली, कारण त्या दारावर कोणाचं तरी नाव होतं. ते नाव तिथे कोरायला गुणाईनंच सांगितलं होतं.

बऱ्याच वेळानं शेवंता उठली. “नाही जमलं बाई. माझीच अक्कल कमी,” असं म्हणून ती डोळे पुसत बाहेर पडली. पोर खरं आजारी नव्हतं, हे ती विसरूनच गेली होती. गुणाईनं खडा काढून ठेवला, तिला ओढ्यापर्यंत पोचवलं आणि वाटेत तिची चार वेळा माफी मागितली. शेवंताला माफी कशाची ते कळलं नाही.

त्याच दिवशी आणखी दोघं झाले. एक पैसा नावाचा बहुपायी किडा. तो काहीच न वाचता पहिल्या भुयारात सुसाट घुसला आणि वडाखालच्या टोळीच्या डिंकात अडकला. त्याचे पाय सोडवता सोडवता संध्याकाळ झाली. दुसरा बेडूक. त्याला आपल्याला काही कळत नाही हे कबूल करणं जड जाई. तो सगळीकडे हिंडला, बाहेर आला आणि म्हणाला, “उत्तम आहे! अगदी सोपं आहे!” त्याच्या हातात काहीही नव्हतं.

राणीसाहेबांना गुणाईनं तिन्ही हकिकती सांगितल्या. त्या म्हणाल्या, “तिघांवरून काय ठरवायचं? पुढच्या वर्षी तीनशे जण बोलावू, मांडव घालू, रीतसर करू.” गुणाई म्हणाली, “शितावरून भाताची परीक्षा होते, आईसाहेब. तिघंही त्याच चौकात चुकले. आणि ओल पुढच्या वर्षी येणार नाही, बारा दिवसांत येणार आहे.” राणीसाहेब काही बोलल्या नाहीत. त्यांची ‘नाही’ म्हणायची पद्धत वेगळी होती, त्यामुळे गुणाईनं ते होकारात धरलं.

तिनं सगळं पाडलं नाही. दहा गोष्टी दिसत होत्या, पण बारा दिवसांत दहा होत नाहीत. कमान तशीच ठेवून तिच्या शेजारी एक साधं, बसकं दार फोडलं, आणि ते थेट चौकात काढलं. मनोगत होतं तिथेच राहिलं. वाट तेवढी तिथून जाईनाशी झाली. दारांवरची टोळ्यांची नावं मात्र पुसायची होती, आणि त्या जागी दुखण्यांची चित्रं काढायची होती. इथे वारूळ पेटलं.

सहा टोळ्या कुरकुरत का होईना पण ऐकल्या. हैबती ऐकेना. हैबती मुंगळा जुन्या वळणाचा, रुंद डोक्याचा, कमी बोलणारा. तो गुणाईसमोर येऊन उभा राहिला. “मुळी काढताना माझी अकरा माणसं मातीखाली गेली. त्यांना समाधीचा दगड नाही, छत्री नाही. त्या दारावर आहे तेवढंच त्यांचं नाव. ते पुसणार तू?”

तो खोटं बोलत नव्हता. गुणाई एवढंच म्हणाली, “पुसू नका. पण एक सकाळ माझ्याबरोबर चौकात बसा.” आणि तिनं त्याला एक खडा दिला.

त्या सकाळी गुणाईनं कोठी तपासायला बोलावलेला एक म्हातारा भुंगेरा आला. नव्या दारानं तो न बिचकता आत शिरला, थेट चौकात पोचला, चित्रं बघत बघत पुढे सरकला. पायाला बुरशी लागल्याचं चित्र अजून काढलेलं नव्हतं, कारण त्या दारावर नाव होतं. भुंगेऱ्यानं कडू वास घेतला, नाव वाचलं आणि वाकून नमस्कार केला. “हैबतीराव? आहात का घरात?” उत्तर नाही. “मालक बाहेर गेलेले दिसतात,” असं म्हणून तो दाराच्या कडेला टेकला.

मालक सहा पावलांवर बसले होते. म्हातारा पाय चोळत राहिला. थोड्या वेळानं तो स्वतःशीच म्हणाला, “मोठ्या माणसाचं दार आहे. वाट बघायला काय जातंय आपलं.”

हैबतीच्या तोंडातून खडा सटकन उडाला. “अरे शीर ना आत, थेरड्या! कोणी नाही राहत तिथे!” तो इतक्या जोरात ओरडला की भुंगेरा घाबरून पंख उघडून बसला. मग हैबतीनं पडलेला खडा उचलून गुणाईपुढे ठेवला. तो म्हणाला, “पुस.” आणि पुसलं जाताना बघायला तो थांबला नाही.

नाव पुसलेल्या दारावर पांढऱ्या ठिपक्यांचा पाय काढला. पुढच्या गोगलगाईला ते जाईचं फूल वाटलं आणि तिनं विचारलं की इथे अत्तर मिळतं का. गुणाईला हसू आलं, खडा पडला. मग चित्राखाली कडू मुळीचाच एक तुकडा दोरीनं टांगला. त्यानंतर आलेले चौघं थेट आत गेले. ओल धरायला तेव्हा एकच दिवस उरला होता.

बुरशी आली. दर वर्षीपेक्षा जोरात आली. लंगडत, एकमेकांना धरत, पाठीवर पिल्लं घेऊन सगळे आले. काही वाटेतच गेले, त्याला कोठीचा इलाज नव्हता. जे पोचले ते बसक्या दारानं आत गेले, चौकात डावीकडे वळले, मुळी चघळत बाहेर पडले. कोणी कोठीची तारीफ केली नाही. गुणाई कोण, हे कोणी विचारलं नाही. ती चौकाच्या कोपऱ्यात बसून असे आणि कोणी थबकलं की जागा मनात टिपून ठेवी. दिवसेंदिवस टिपायला कमी कमी मिळू लागलं. मनोगत त्या हंगामात एकानं वाचलं म्हणतात. तो पाऊस थांबायची वाट बघत होता.

त्या वर्षी चौकात कोणी मेलं नाही.

ओल सरली, माती भुसभुशीत झाली, तेव्हा एके सकाळी हैबती छिन्नी घेऊन चौकात आला. गुणाईनं त्याला पाहिलं, पण अडवलं नाही. अकरा जणांचं ऋण त्याच्यावर होतं, हे तिला कळत होतं. तो आपल्या दाराशी गेला आणि जुन्या अक्षरांचे व्रण शोधू लागला, म्हणजे त्यावरूनच पुन्हा कोरता आलं असतं. त्यानं पायानं भिंत चाचपली. वर चाचपली, खाली चाचपली, मिशा टेकवून पाहिलं. व्रण कुठेच लागेना. वळताना प्रत्येक आजाऱ्यानं तिथेच अंगाचा भार टाकला होता. किती पाठी, किती कवचं, किती ओलसर पोटं त्या भिंतीला घासून आत गेली होती कोण जाणे. भिंत गुळगुळीत झाली होती, आणि तो गुळगुळीतपणा थेट आतल्या ढिगापर्यंत गेला होता.

हैबती छिन्नी धरून तिथेच उभा होता. तेवढ्यात मागून एक गोगलगाय आली. हंगामातली शेवटचीच असावी. पाठीवरच्या पोराच्या शिंगांना पांढरं लागलेलं होतं.

“सरका हो जरा, वाट अडवलीत,” ती म्हणाली.

हैबती भिंतीला अंग चिकटवून उभा राहिला. गोगलगाय मान वर न करता त्याला घासून आत गेली.